न बिघडलेली गाडी

होझेयाचं लायसन्स शुक्रवारी गेलं, आणि रविवारी चर्च सुटल्यावर सगळे टार्व्हर आईच्या घरी जमले ते काही जेवणासाठी नव्हे, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. बसमध्ये काळ्यांना मागे बसवण्याविरुद्ध चाललेल्या बहिष्काराचा दहावा आठवडा संपत आला होता. दहा आठवडे माँटगोमेरीच्या बस रिकाम्या धावत होत्या आणि काळ्या वस्तीतली माणसं एकतर पायी चालत होती, नाहीतर एकमेकांच्या गाड्यांत दाटीवाटीनं बसून कामावर जात होती. इडेलाचा नवरा होझेया पहिल्या सोमवारपासून त्या गाडीवाल्यांत होता. पहाटे पाचला निघून तो क्लोव्हरडेलच्या, गोऱ्यांच्या बंगल्यांत स्वयंपाकपाणी करणाऱ्या बायकांच्या तीन खेपा करायचा आणि मग गॅरेजात कामाला जायचा. पोलिसांनी त्याला पहिला दंड केला तो गाडी जोरात हाकतो म्हणून, दुसरा हळू हाकतो म्हणून. तिसरा कशाबद्दल होता ते त्या हवालदारालाही धड सांगता आलं नव्हतं. तीन झाल्यावर न्यायाधीशानं लायसन्स काढून घेतलं, आणि सतरा बायका एका दिवसात रस्त्यावर आल्या.

विन्फ्रेड खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चवळी चिवडत होता. समोर आई, तिच्या शेजारी इडेला, मग होझेया. आणि त्याची स्वतःची बायको कोरिन टेबलाच्या पार टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, जणू केव्हाही उठून जाता यावं म्हणून. बोलणं फिरत फिरत आपल्याकडे येणार हे त्याला चर्चच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं.

इडेला त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. शहराच्या मध्यावर औषधाच्या दुकानाशेजारी एक मोकळी जागा होती, तिथे बहिष्काराच्या समितीनं गाड्यांचा मुख्य तळ केला होता. इडेला आपलं शिवणकाम बाजूला टाकून रोज तिथे हातात यादी घेऊन उभी राहायची. कुठली बाई कुठल्या गाडीत बसेल, कुठली गाडी कुठल्या गल्लीत वळेल, ते ती ठरवायची. शनिवारी तिनं सतरा बायकांची नावं दुसऱ्या गाड्यांत कोंबायचा प्रयत्न केला. नऊ बसल्या. आठजणी उरल्या, त्यातली एक सात महिन्यांची गरोदर. हे सगळं तिनं मक्याच्या पावाचा तुकडा मोडता मोडता सांगितलं आणि मग भावाकडे न बघताच विचारलं, की त्याच्या शेडमधल्या गाडीचं काय झालं.

गिअरबॉक्स गेलाय, विन्फ्रेड म्हणाला. हे वाक्य तो दोन महिने म्हणत आला होता. डिसेंबरात समितीचा माणूस कागद घेऊन दारात आला तेव्हा ते पहिल्यांदा तोंडातून निघालं होतं, इतकं पटकन, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. तेव्हापासून ते गुळगुळीत झालं होतं.

होझेयानं ताट बाजूला सारलं. त्याच्या हातात आता स्टिअरिंग नव्हतं आणि बिनकामाचे हात घेऊन बसणं त्याला जमत नसे. तो म्हणाला की रविवार असला तरी देव रागावणार नाही, आपण आत्ताच जाऊन गिअरबॉक्स खोलू. विन्फ्रेड म्हणाला, सुटे भाग बर्मिंगहॅमहून यायचेत. होझेयानं विचारलं, कुठला भाग. विन्फ्रेडनं काहीतरी नाव घेतलं. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसाला सुचेल तसलं ते नाव होतं.

होझेया त्याच्याकडे बघत राहिला. वीस वर्षं त्यानं गाड्या खोलल्या-जोडल्या होत्या. विन्फ्रेडला दिसलं की त्याला कळलंय, आणि हेही दिसलं की तो ते बोलणार नाही. होझेयानं मान खाली घातली आणि ताट पुन्हा पुढे ओढलं. ते बघून विन्फ्रेडचे कान तापले. चारचौघांत थोबाडीत खाल्ली असती तर इतकं लागलं नसतं.

"हत्यारं आणायचं कारण नाही, होझेया," आई म्हणाली. "गाडी चालू आहे."

इडेलानं कोरिनकडे पाहिलं. तिला वाटलं, सुनेनं सासूला सांगितलं असावं. कोरिननं नकारार्थी मान हलवली.

आईला कुणीच सांगितलेलं नव्हतं. विन्फ्रेडचं घर मागच्या गल्लीत. त्याच्या शेडची पाठ आणि आईच्या परसाची कड एकच. दर शनिवारी दुपारी इडेला तळावर गेली की विन्फ्रेड शेडचं दार आतून लावून इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. आई तेव्हा दोरीवर कपडे वाळत घालत असायची. पहिल्या शनिवारीच तिनं ऐकलं होतं.

"म्हणजे दोन महिने," इडेला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दोन महिने मी लोकांना परत पाठवतेय. कुबडीवरच्या माणसाला परत पाठवलंय मी. आणि हा आमचा शिकलेला, हा दार लावून गाडी ऐकत बसतो."

तेव्हा कोरिन बोलली. नवऱ्याची बाजू घेण्याची तिला हौस नव्हती, पण घरातल्या दोन मुलींचा प्रश्न होता. शिक्षण अधिकाऱ्यानं मुख्याध्यापकांकरवी निरोप धाडला होता, की त्या तळांवर कुणाकुणाच्या गाड्या दिसतात याची यादी होतेय. शेजारच्या वर्गावरचा युस्टेस रड तो निरोप ऐकून हसला होता. त्यानं गाडी चालवली, आणि ख्रिसमसच्या सुट्टीत त्याला नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं. आता तो क्लीव्हलंडला मामाकडे राहून काम शोधतोय. विन्फ्रेडला असं पत्र आलं तर या गावात दुसरी नोकरी कोण देणार, असं कोरिननं इडेलाला विचारलं. तुझं शिवणयंत्र तुझ्या मालकीचं आहे, तुला कोण काढून टाकणार?

विन्फ्रेडला वाटलं होतं होझेया तरी इडेलाची री ओढेल. पण तो हळूच म्हणाला, की कोरिनचं खोटं नाही. माझं लायसन्स गेलं, सहा महिन्यांनी परत मिळेल. त्याची नोकरी गेली तर ती परत मिळणारी नाही. यावर इडेला नवऱ्याकडे अशी वळली की पुढची दहा मिनिटं ती दोघंच भांडत राहिली, कधीकाळच्या गोष्टी काढून, आणि विन्फ्रेड मधल्यामध्ये सुटल्यासारखा बसून राहिला. आपल्या वतीनं दुसरे भांडतायत आणि आपण गप्प आहोत, हे त्याला जाणवत होतं. तरी तोंड उघडवेना. युस्टेसच्या वर्गातली मुलंही जानेवारीपासून त्याच्याच वर्गात बसत होती. एका बाकावर चारचार. रोज सकाळी हजेरी घेताना तो ती नावं भरभर वाचून टाकायचा.

"आईसाठीच केलं मी," तो शेवटी म्हणाला. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुलीपुढे उभं राहून तिनं मला शिकवलं. ते सगळं मी एका गाडीपायी घालवू?"

बोलल्यावर त्याला ते वाक्य खरं वाटलं. घटकाभरच.

आईनं हात पुसले. सहासष्ट वर्षांची बाई, पण तिनं आवाज काढला की अजून सगळ्यांच्या पाठी ताठ व्हायच्या.

"माझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळे. मला पहिल्याच शनिवारी कळलं, तेव्हाच तुझ्या दारावर थाप मारायला हवी होती. मी नाही मारली. मी वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा वाळत घातले, तू बाहेर पडेपर्यंत. मला वाटलं, याची नोकरी तरी वाचू दे. आणि मग डेल्फीननं मला विचारलं."

डेल्फीन रड म्हणजे युस्टेसची आई. चर्चमध्ये चाळीस वर्षं या दोघी एकाच बाकावर बसत आल्या होत्या. मुलाला काढल्याचं पत्र आलं त्या रविवारी तिनं प्रार्थना चालू असतानाच आईच्या, म्हणजे आर्लिथाच्या, कानाशी लागून विचारलं होतं, की तुझ्या विन्फ्रेडची गाडी दिसत नाही कुठे. आणि आर्लिथानं देवाच्या घरात बसून सांगितलं होतं, गिअरबॉक्स गेलाय. डेल्फीन म्हणाली होती, बरं झालं, निदान तुझं पोर तरी राहील जवळ.

"बरं झालं म्हणाली," आई पुन्हा म्हणाली. "तिच्या मनात काही नव्हतं. तेच मला गिळवत नाही."

इडेलाचं भांडण तिथेच विझलं. तिनं एकदम विचारलं, "म्हणून चालत होतीस तू?"

कारण ते घरात सगळ्यांना कोडं होतं. होझेयाच्या गाडीत पहिल्या दिवसापासून आईसाठी जागा राखलेली असायची आणि पहिला आठवडा सोडला तर आई एकदाही बसली नव्हती. कामावर साडेतीन मैल जाताना, साडेतीन मैल येताना, थंडीत, पावसात, फाटक्या बुटांत पुठ्ठा घालून. माझी जागा दुसरीला द्या, एवढंच म्हणायची. जानेवारीत रेव्हरंडनी व्यासपीठावरून तिचं नाव घेतलं, सिस्टर टार्व्हरचे पाय बघा म्हणाले, आणि सगळं चर्च उठून उभं राहिलं. विन्फ्रेडही उभा राहिला होता. टाळ्याही वाजवल्या होत्या त्यानं. आई तेवढी खाली बसून हातमोज्यांकडे बघत होती, आणि लोक म्हणाले, किती नम्र बाई.

"आमच्या घरची गाडी शेडमध्ये उभी," आई म्हणाली, "आणि मी दुसऱ्या बाईची जागा अडवू? कुठल्या तोंडानं बसू?" ती पुढे म्हणाली, "लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं मला."

आजवर तो स्वतःला सांगत आला होता की आपली भीती आपल्यापुरती आहे. आपण कुणाचं वाईट केलेलं नाही, फक्त चांगलं करायचं टाळलंय. आणि इथे त्याची आई दोन महिने तेच ओझं पायांवर घेऊन रोज सात मैल चालत होती, आणि तो तिच्यासाठी टाळ्या वाजवत होता.

कोरिन उठली. तिनं खुंटीवरचा विन्फ्रेडचा कोट काढला, खिशातून किल्ली काढली आणि म्हणाली की उद्या सकाळी मी नेते गाडी. वडिलांच्या शेतावर ती सोळाव्या वर्षी ट्रक चालवत होती, ते सगळ्यांना माहीत होतं. आवाजात राग नव्हता, कुणाला टोमणाही नव्हता. मुलींना शाळेत सोडायला जाते म्हणावं तसं ती म्हणाली. मघाशी त्याच्यासाठी भांडलेली बाई ती हीच.

विन्फ्रेडनं हात पुढे केला. "दे इकडे," तो म्हणाला. "मी जाईन."

इडेलानं त्यावर काही शाबासकी दिली नाही. तिनं पिशवीतून यादी काढली, होझेयाच्या नावावर काट मारली, आणि खाली भावाचं नाव लिहून त्याच्यापुढे आठ नावं वाचून दाखवली. चौथं नाव डेल्फीन रड होतं.

सोमवारी पहाटे पाचला धुकं होतं. आई कोट घालून दारात उभी होती. ती बसेल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. तिनं पुढचं दार उघडलं आणि न बोलता बसली. मांडीवरच्या पिशवीत तिचा कामावर घालायचा ॲप्रन होता.

दफनविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानासमोरच्या थांब्यावर चारजणी थांबल्या होत्या. तीन पाठीमागे बसल्या. त्यांतली गरोदर बाई डेल्फीननं सांभाळून आत घेतली आणि दारालगतच्या जागेवर ती स्वतः बसली. चौथी पुढे आईला चिकटून. डेल्फीन खुशीत होती. आर्लिथाच्या खांद्यावर थाप मारून ती म्हणाली की अखेर तुझ्या पायांना सुट्टी मिळाली म्हणायची. मग आसनावरून हात फिरवत तिनं विचारलं, "विन्फ्रेड, आवाज तर नव्याकोऱ्या गाडीसारखा आहे. काय मोडलं होतं रे?"

आईनं तोंड उघडलेलं त्याला दिसलं. ती पुन्हा एकदा त्याच्यासाठी सांगणार होती. सवयच झाली होती तिला. आणि सांगितलं असतं तर गाडीतल्या कुणालाही कधीही कळलं नसतं.

"काही मोडलं नव्हतं, मिस डेल्फीन," तो म्हणाला. "गाडी चालूच होती. मी घाबरलो होतो."

"आणि मला माहीत होतं," आई समोर बघत म्हणाली. "तुला मी खोटं सांगितलं, डेल्फीन."

दोन चौक गेले. मग डेल्फीन म्हणाली, "थांबव."

त्यानं गाडी कडेला घेतली. ती उतरली. पासष्टीची जाड बाई, गुडघे धरून उतरली, टोपी नीट केली आणि चालायला लागली. मागोमाग आईनं शेजारणीच्या पलीकडे हात घालून पुढचं दार उघडलं. विन्फ्रेड तिला हाक मारणार होता, पण कशासाठी, ते सुचेना. शेजारची बाई उतरून बाजूला झाली, आई गेली, बाई पुन्हा बसली. मागे वळून बघायची हिंमत नव्हती म्हणून त्यानं आरशात पाहिलं. दोघी एकाच बाजूनं चालत होत्या, पण बरोबर नाही. डेल्फीन पुढे, आई तिच्या दहा पावलं मागे.

रिकाम्या झालेल्या दोन जागा पुढच्याच कोपऱ्यावर भरल्या. नव्यानं बसलेल्या दोघींना काही ठाऊक नव्हतं. एकजण म्हणाली, देव तुझं भलं करो, बाळ. दुसरी म्हणाली, तुझी आई कोण रे, पोर कसं वाढवावं ते तिच्याकडून शिकावं. गाडीत आधीपासून बसलेल्या तिघी गप्प राहिल्या. त्यांनी त्याला उघडं पाडलं नाही, हेही त्यांचे उपकारच. क्लोव्हरडेल येईपर्यंत विन्फ्रेडनं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

तीन खेपा झाल्या. साडेसातला त्यानं गाडी शाळेच्या पुढच्या फाटकाशी लावली. मागच्या गल्लीत लावता आली असती; तसा विचारही मनात आला, आणि तो आला म्हणून पुन्हा लाज वाटली. मुख्याध्यापकांनी कार्यालयाच्या खिडकीतून गाडीकडे पाहिलं, चाकांवरच्या ताज्या चिखलाकडे पाहिलं, आणि पडदा ओढून घेतला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनाही कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. पत्र यायचं तेव्हा येईल, विन्फ्रेडला वाटलं, आणि त्यानं पहिल्यांदाच युस्टेसच्या मुलांची नावं सावकाश, एकेक करून वाचली. एक मुलगी मधेच म्हणाली, "सर, मिस्टर रड आमचं नाव असंच घ्यायचे." तो पुढचं नाव वाचायचं विसरला.

चारला तो तळावर पोचला. मोकळी जागा माणसांनी फुलली होती. गाड्या येत होत्या, भरत होत्या, जात होत्या. इडेला पेटीवर उभी राहून नावं पुकारत होती. सकाळची हकिकत तिच्या कानावर गेली असणार, कारण तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली, "विन, पाच जणी. वेस्टसाइड." आणि रांगेकडे वळून तिनं नावं घेतली. शेवटचं डेल्फीन रडचं होतं.

विन्फ्रेडला वाटलं ती येणार नाही. ती रांगेत तशीच उभी राहिली. बाकीच्या चौघी बसल्या. इडेलानं दुसऱ्यांदा नाव पुकारलं नाही, पुढची गाडीही बोलावली नाही. यादी छातीशी धरून थांबली. मागचे गाडीवाले भोंगे वाजवायला लागले. तेव्हा डेल्फीन आली, पुढचं दार उघडून बसली आणि दोन्ही हातांनी एक पाय उचलून आत घेतला, मग दुसरा.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "माझे पाय दुखतायत."

"हो," तो म्हणाला.

वाटेत बाकीच्या एकेक करून उतरल्या. दोघंच उरल्यावर विन्फ्रेडनं विचारलं, आई भेटली का नंतर. डेल्फीन काचेतून बाहेर बघत म्हणाली की क्लोव्हरडेलपर्यंत ती माझ्या मागे होती. एकदा मी बुटातला खडा काढायला थांबले, तर तीही थांबली. पुढे आली नाही.

"काही बोलली?"

"नाही. मीही नाही बोलले." मग काचेवरून नजर न काढता, "माझं पोर हसलं होतं तो निरोप ऐकून. तू का नाही हसलास, ते मला विचारायचं नाही. कधी विचारणारही नाही. पण त्याला पत्र लिही. मी सांगण्यापेक्षा तू लिही."

तो लिहीन म्हणाला. कसं लिहायचं ते त्याला सुचत नव्हतं आणि तिनं ते सुचवलंही नाही.

घर आल्यावर ती आधीसारखीच गुडघे धरून उतरली. दाराला हात लावून उभी राहिली.

"उद्या किती वाजता?"

"पाचला, मिस डेल्फीन."

"पावणेपाचला ये. आणि आर्लिथाला आधी घे, मग मला. थंडीत तिला उभी नको ठेवूस."

तिनं दार लोटलं. ती पायऱ्या चढून आत जाईपर्यंत विन्फ्रेड थांबला. मग त्यानं गाडी वळवली, कारण तळावर अजून अकरा जणी उभ्या होत्या.